आवाज जरा खाली घे

सोमवार, २
आले एकदाची चिमणीच्या घरी! टेम्पोतून शिलाई मशीन, गिटार आणि मी, तिघंही धडधाकट उतरलो. चिमणी म्हणजे माझी धाकटी बहीण. गळ्याचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला तो गेलाच. बोलते ती नुसती फुसफुस, फाटक्या भात्यासारखी. एके काळी ऑर्केस्ट्रात गायची, लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. आता तिचं बोलणं ऐकायला पंखा बंद करावा लागतो. पण कान मात्र अजून तसेच तल्लख. तिनेच बोलावलं. म्हणाली, ताई, दोघींनी दोन घरांत कशाला कुढायचं, मागची खोली तुझी, घाल काय गोंधळ घालायचा तो.

गोंधळ म्हणजे माझं रॉक गाणं. टेलरिंगचं दुकान बंद केलं आणि व्हिडिओ बघून बघून गिटार शिकले. लेक फोनवर हसली होती, म्हणे, आई, या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळतात. म्हटलं, चोळते की, तेल चोळूनच वाजवायला बसते.

गुरुवार, ५
खिडकीला गोधडी लावली, कपाटाचं दार उघडं ठेवून त्यातल्या कपड्यांकडे तोंड करून गायले, म्हणजे आवाज घुमत नाही. गिटार, कॉम्प्युटरमधूनच घेतलेले बेस नि ड्रम आणि माझा गळा, सगळं वेगवेगळं रेकॉर्ड झालंय. कॉम्प्युटरवर प्रत्येकाची एक सरकपट्टी असते. वर नेली की आवाज मोठा, खाली आणली की बारीक. सगळं एकमेकांत बेमालूम बसवायचं, यालाच मिक्सिंग म्हणतात. बाही खांद्याला बसवण्यासारखंच, कुठे चुणी पडता कामा नये.

चिमणीला ऐकवलं. डोळे मिटून हेडफोन लावून बसली. म्हणाली, गिटार झकास, ड्रम म्हणजे कुणीतरी रागाने भांडी लावतंय. हसून हसून पोट दुखलं. मग म्हणाली, ताई, तुझा आवाज फार पुढे येतोय. जरा खाली घे.

घेतला. खरंच, गाणं कसं अंगाबरोबर बसलं! संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातून साखरेचा डबा कुठंय म्हणून विचारलं आणि मला इथे ऐकू आलं. म्हटलं, माझ्या येण्याने खुललीस गं बाई.

सोमवार, ९
आज पुन्हा म्हणाली, अजून थोडा खाली. तिच्या कानांपुढे आपण काय बोलणार? घेतला.

समोरच्या दुकानदाराकडे साबण मागितला, तर तो म्हणे, आजी, मोठ्याने बोला, मी काही तुमच्या पोटात बसलेलो नाही. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा कुठे कळलं त्याला. घसा तर ठणठणीत आहे माझा.

आणि घरी येते तो काय, चिमणी गॅलरीतून भाजीवाल्याला हाक मारतेय! अन् त्याने मान वर केली! मी तिथेच जिन्यात रडले. किती वर्षांनी तिच्या हाकेला कुणी वर बघितलं असेल.

गुरुवार, १२
चिमणी भांडी पुसताना माझं गाणं गुणगुणत होती. ‘दार उघडं ठेव, मी आवाज करत येणार.’ ‘येणार’वर माझा आवाज किंचित चिरकतो, लहानपणापासून. तिचाही तिथेच चिरकला. गायची तेव्हा कधी चिरकत नव्हता.

विचारलं तर म्हणाली, सारखं ऐकून ऐकून लागली सवय. आणि हो ताई, अजून जरा खाली.

घेतला. धाकटी आहे, सांगते ते भल्यासाठीच सांगत असणार.

शनिवार, १४
लेकीचा फोन. ती नुसती हॅलो हॅलो करत राहिली. मी ओरडत होते. चिमणीने माझ्या हातातला फोन घेतला आणि बोलली. लेक म्हणाली, हां आई, आता येतोय आवाज!

आपण मावशी आहोत हे चिमणीने तिला सांगितलंच नाही. माझ्या गुडघ्यांबद्दल बोलली. माझं हसू हसली. लेक पुढच्या रविवारी येणार आहे म्हणे.

नंतर मी हातवारे करकरून विचारलं, असं का केलंस? तर म्हणते, पोरीला उगाच घोळात कशाला टाकायचं.

मंगळवार, १७
कळलं. सगळं कळलं.

ती आंघोळीला गेल्यावर मी माझी पट्टी वर सरकवली. खोकले तर खोली दणाणली. माझा खोकला! तेवढ्यात चिमणी गळा धरून बाहेर आली, पुन्हा तीच फुसफुस. माझ्या पायाशी बसली. ‘ताई’ म्हणाली, लहानपणी अंधाराला घाबरून म्हणायची तसं. रविवारपर्यंतच दे तुझा आवाज, भाचीसमोर एकदा गाऊ दे, मग तुझं तुला परत. आईशपथ.

याच हातांनी वाढवलेलं पोर. माझाच हात. मीच पट्टी खाली ओढली. तळापर्यंत.

गुरुवार, १९
कॉम्प्युटरचा पासवर्ड बदललाय. तू चुकून काहीतरी बिघडवशील, म्हणे.

जमिनीवर ताट आपटलं. ताटाचाही आवाज नाही —

दुकानदार माझ्या मागच्या बाईला विचारत होता, काय देऊ. मी पुढे उभी असून.

ती मला ताई म्हणत नाही आता. कशानेच हाक मारत नाही.

शनिवार, २१
लेकीसाठी दारावर चिठ्ठी लावली. ‘मी आई. मागच्या खोलीत आहे.’ चिमणीने काढली. वाचली. म्हणाली, अक्षर छान आहे, पण फार ठळक. जरा बारीक काढ.

ही चिमणी. हिच्या शाळेच्या गणवेशाला काजं मी —

रविवार, २२
बेल. लेक आली. आई म्हणून गळ्यात पडली, चिमणीच्या. आवाज तिच्याकडे, म्हणून आईही तीच. मी शेजारीच. पाठीवर हात ठेवला तर वारं लागावं तशी ओढणी नीट केली पोरीने.

बाहेर गाणं लावलंय. मी दाराशी बसून लिहितेय. लेक ऐकतेय. म्हणतेय, आई, कमाल केलीस! फक्त मागे कुठेतरी कागदावर पेन घासल्यासारखी खरखर येतेय गं, तेवढी काढता येईल का?

चिमणी माझ्या आवाजात म्हणाली, काढते की, बाळा.

जोरात लिहितेय. कागद फाटेल इतकं. बाळा, ती खरखर नाही, ती मी —