शुक्रवारची कुपी

पणदरे, शनिवार

प्रिय सोनम,

अक्षर मोठं आणि वाकडं दिसेल. उजवा डोळा मिटून लिहिते आहे.

हिपॅटायटिस बीची इंजेक्शनं सोसताहेत, रक्तातले विषाणू उतरताहेत, असं तुला फोनवर सांगत आले. ते खरंच आहे. पण पाच आठवड्यांपासून उजव्या डोळ्यासमोर एक राखाडी ठिपका आहे. जिथं बघावं तिथं आधी तोच. परवा डायरी चाळली, तर मंगळवारची ओळ सोमवारच्या ओळीवरच लिहिलेली. दोन्ही दिवस वाचता येईनात.

औषध सुरू करण्याआधी डॉक्टरांनी डोळ्यांचा पडदा तपासून घ्यायला सांगितलं होतं. या औषधानं क्वचित पडद्यावर रक्त उतरतं, म्हणाले. त्या दिवशी म्हैस व्यायली, मी गेले नाही. आणि विचारल्यावर 'तपासला' म्हणून मोकळी झाले. तीस वर्षं डायरीत खरं लिहिणारी मी. आता दर महिन्याला ते विचारतात, दिसायला काही त्रास? गेल्या महिन्यातही मी नाही म्हणाले. हो म्हटलं तर इंजेक्शन थांबवतील आणि आईसारखं पोट पाण्यानं फुगेल, ही भीती. की तीही सबबच? मला अजून ठरवता येत नाही.

काल इंजेक्शनचा वार. गल्लीतल्या जनावरांच्या लसी आमच्याच फ्रिजमध्ये असतात, तुला माहीत आहे. मी कुपीतून औषध ओढलं, पोटाला चिमटा धरला, तेवढ्यात शेजारचे दत्तोबा लस न्यायला आले. "वैनी, ती माझ्या कालवडीची हाय. तुमी बी दावणीला उभ्या ऱ्हाताय का काय?" ते हसले, सासूबाई हसल्या, मीही हसले. सुई टाकून दिली. कुपीवर ठळक लाल अक्षरं होती म्हणे. मला लाल काही दिसलंच नव्हतं.

सोमवारी बारामतीला डॉक्टरांकडे जायचं आहे. सणसरहून सकाळच्या एसटीनं ये. घरी सांगितलंय, सोबतीला बोलावलंय म्हणून. पण सोबत मला वाटेत नको, डॉक्टरांच्या खोलीत हवी आहे. हे पत्र उद्या दूधगाडीवाल्याच्या हाती पाठवते, ते पिशवीत घेऊन ये. ते विचारतील, आणि मी घाबरून पुन्हा 'काही त्रास नाही' म्हणेन. मी तसं म्हटलं की माझ्याकडे न बघता हे त्यांच्या टेबलावर ठेव.

तुझीच,
उत्कर्षाताई