निळ्या कॅलिपरचं लहान बूच

शिरवणे गाव, नेरूळ
शुक्रवार, दुपार

प्रिय अस्मिता,

जयभीम. हे पत्र मी सांगतेय आणि तुझा सुगतदादा लिहितोय, म्हणून कागदावर कोंबडीचे पाय उमटलेले दिसले तर मला बोल लावू नकोस. मला अक्षरच येत नाही, त्यामुळे माझं अक्षर कधी वाईट आलेलं नाही. सकाळपासून शेडची लाईट गेलीय, भट्टी गार पडलीय आणि पावडर कोटिंगचे मालक, म्हणजे हाच तुझा दादा, घरी खुर्चीत बसून मोबाईल चोळत होते. मी म्हटलं, चल, वही घे, अस्मिताला पत्र लिहायचंय. तर म्हणतो, आजी, व्हॉइस मेसेज पाठव ना, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, ती हॉस्टेलला होती तेव्हा मी सांगायची आणि तुझा आजोबा लिहायचा, त्याने कधी मिनिटं मोजली नाहीत. आता तो हसतोय, पण लिहितोय. पोपटरावांचा नातू शोभतो.

तू या वेळी वरच्या गावात, शाळेत असशील. गाडी आवारात उभी असेल. पाचला शाळा सुटली की तू घाट उतरून पोलादपूरला खोलीवर येणार. सुगत म्हणतो सव्वादोन झालेत. म्हणजे वेळ आहे. वेळ आहे, असं मी सकाळपासून स्वतःला सांगतेय. तुझ्या गाडीबद्दलच सांगायचंय.

गाडी घेतलीस तेव्हा आळीतल्या बायांनी पुढून बघितली, मागून बघितली, काचेत तोंडंसुद्धा बघून घेतली. आपल्या घरातली पहिलीच गाडी. आणि तू चाकापाशी उकिडवी बसून दादाला म्हणालीस, कॅलिपर रंगवून दे. मला वाटलं, पोरगी शिकून शिकून वाया गेली. एवढी चकचकीत गाडी सोडून चाकाच्या आतला ब्रेकचा लोखंडी पंजा रंगवायचा, तोही जाळीतून जेमतेम दिसणारा. गाडीच्या पायांना नेलपॉलिश! दादाने विचारलं, लाल ना, सगळे लालच करतात. तू म्हणालीस, निळा. त्यावर कुणीच काही विचारलं नाही. आपल्या घरात निळा का, हे विचारायचं नसतं. मी एवढंच म्हटलं, नातीच्या गाडीची बुचं मी लावणार, दुसऱ्याचा हात नको. चार महिन्यांनी मुहूर्त लागला. गेल्या रविवारी गाडी आणलीस, सोमवारी रजा काढलीस आणि संध्याकाळी निळे पाय मिरवत गेलीस.

माझं काम तुला पाठ आहे, तरी सांगते, कारण आज ते सांगायलाच हवं. कॅलिपर खोलून, आतली रबरं काढून, घासून आला की त्याची भोकं बंद करायची. पिस्टनचं मोठं तोंड, हवा काढायचं भोक, ब्रेकचं ऑइल आत जातं ते भोक. तिथे रंगाची पावडर बसली तर कॅलिपर मेलाच. म्हणून रबरी बुचं लावायची, मग पावडर मारायची, मग भट्टी, आणि बाहेर आला की बुचं काढायची. बाकीचे पकडीने ओढतात. मी बोटांनी काढते, वालाच्या डाळिंब्या सोलाव्यात तशी. लिहिता येत नाही म्हणून माझी नोंद इडलीपात्रात. एका कॅलिपरची बुचं एका ताटलीत. लावताना खळगे रिकामे होतात, काढली की भरतात. सगळे भरले की मी ओरडते, “फुल्ल!” मगच अंकुश फिटर त्या कॅलिपरला हात लावतो. सहा वर्षांत आजीचं ‘फुल्ल’ खोटं ठरलं नाही, असं सुगत गिऱ्हाइकांना छाती फुगवून सांगतो. आत्ताही लिहिता लिहिता मान डोलावतोय. डोलव बाबा.

आज सकाळी सातला, घाट चढायच्या आधी, तुझा फोन आला. भाजीचं बोललीस, मुख्याध्यापकांची नक्कल केलीस आणि ठेवता ठेवता म्हणालीस, आजी, तीन दिवस झाले, डाव्या चाकाला जळका वास येतो गं, नव्या रंगाचा असेल ना? मी म्हटलं, हो. नवा रंग आहे, वास मारणारच. तू फोन ठेवलास आणि माझा चहा हातातच गार झाला. दोनशे डिग्रीत भाजून निघालेला रंग तीन-तीन दिवस वास मारत नाही, अस्मिता. हे मला माहीत आहे. सुगतलाही माहीत आहे. तो आता माझ्याकडे बघतोय. माझ्याकडे बघू नकोस, लिही. दहाला तू खिडकीत उभी राहून पोरांचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकलास, तो तुझ्या शुभदावहिनीने कामावरून फोन करून मला सांगितला, तोवर माझ्या जिवात जीव नव्हता.

सोमवारी दुपारी तुझे कॅलिपर भट्टीतून निघाले. उजवा झाला. डाव्याची बुचं काढली, ताटलीवरून बोट फिरवलं, तर एक खळगा रिकामा. ऑइलच्या भोकाचं लहान बूच. टेबलाखाली चाचपलं, पदर झटकला, फरशी झाडली. बूच घरंगळलं असेल, नाहीतर त्याचा तुकडा भोकातच राहिला असेल. त्या भोकात बोट जात नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. आणि मला दिसेना. वर्ष झालं, डाव्या डोळ्यापुढे धूर आहे. आता उजव्यापुढेही धरू लागलाय. कुणाला सांगितलं नाही. त्याच सकाळी सुगत म्हणाला होता, आजी, पुरे झालं आता, घरी बसून टीव्ही बघ. मी टीव्ही ऐकते, बघत नाही, हे त्याला कुठे ठाऊक! तेवढ्यात अंकुशने हाक मारली, “आजी, फुल्ल का?” मी पिशवीतलं नवं बूच काढलं, रिकाम्या खळग्यात ठेवलं आणि ओरडले, “फुल्ल!”

अंकुशनेच मला एकदा समजावलं होतं. त्या भोकात काही अडकलं तर पाय दाबला की ऑइल आत जातं, पण नीट परत येत नाही. ब्रेक पुरता सुटत नाही, चाक तापत राहतं, आणि तापता तापता लांब उतारावर कधीतरी पाय दाबला तर तो तसाच खाली जातो, ब्रेक लागतच नाही. चढताना माणसाला कळत नाही. उतरताना कळतं.

मघाशी सुगत पेन टाकून उठला होता. तुला फोन लावला, रिंग जाते आणि कुणी उचलत नाही. तुझा फोन बॅगेत आणि बॅग स्टाफरूममध्ये, मला माहीत आहे. मुख्याध्यापकांचा लागतच नाही. दर पाच मिनिटांनी लावतोय, मधल्या वेळात मी सांगते ते लिहितोय, कारण गप्प बसलो तर दोघांनाही घड्याळाची टिकटिक ऐकू येते. तीन वाजून गेलेत. माझ्यावर एकदा खच्चून ओरडला असता तर बरं वाटलं असतं. तुला आठवतं, सारसोळ्याच्या जेट्टीकडे गाडी शिकायला जायचीस तेव्हा मी मागे बसायची आणि दिसेल त्या कुत्र्याला बघून “ब्रेक, ब्रेक!” ओरडायची? तू म्हणायचीस, आजी, तुझ्या पायाखाली ब्रेक नाहीये, उगाच तळ दाबू नकोस. आज सकाळपासून मी या घराची फरशी दाबत बसलेय. परत लावतोय तो. रिंग जातेय.

इथून पुढे अक्षर सुबक दिसेल, कारण शुभदा कामावरून आलीय आणि वहिनीने पेन हातात घेतलंय. सव्वाचारला मिस्ड कॉल बघून तुझाच फोन आला आणि सुगतने तुला सगळं सांगितलं, ते तुला माहीतच आहे. “आजी, मी गाडीला हात लावत नाही, एसटीने उतरते,” हे मी तुझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. उद्या सकाळी सुगत आणि अंकुश येऊन चाक खोलतील. बूच आत निघेल, नाहीतर निघणार नाही. पण गाडी काही तुझी एकटीची नव्हती, पोरी. वर्षभर मी या धुरातून बुचं काढलीत. त्यातली किती ‘फुल्ल’ खरी आणि किती नुसत्या सवयीने ओरडले, मला आता शपथेवर सांगता येणार नाही. सुगत आतल्या खोलीत वही घेऊन बसलाय, एकेका गिऱ्हाइकाला फोन लावतोय. गाडी चालवू नका, उभी ठेवा, मी येऊन तपासून देतो. आणि प्रत्येकाला सांगतोय, चूक माझी झाली. माझी म्हणजे त्याची. माझं नावसुद्धा काढत नाही.

आता खरं सांगते. हे पत्र तुझ्यासाठी नव्हतंच. तुला नुसतं थांबवायचं असतं तर सकाळीच फोनवर ‘हो’च्या जागी ‘थांब’ म्हणता आलं असतं. पण थांब म्हटलं की का ते सांगावं लागतं, आणि ते सुगतला सांगायचं होतं. दहा वाजल्यापासून चार वेळा त्याच्यापुढे जाऊन उभी राहिले आणि चारही वेळा चहा हवा का विचारून परत आले. शेवटी तो म्हणाला, आजी, चहाने अंघोळ घालणार आहेस का मला? तेव्हा सुचलं, याला तुझ्या नावाने लिहायला बसवावं. लिहिणाऱ्याची मान खाली असते, आणि हातात पेन असलं की समोरच्याला मधेच तोडता येत नाही. पाचपर्यंत वेळ आहे असं मी मनाशी धरलं. आज शाळा लवकर सुटली असती तर? ते वाक्य मी पुरं करत नाही, शुभदाही लिहायला तयार नाही. तरी पत्र पोस्टात टाकतेय. तुझ्या आडून बोलले, ते तुला कळायला हवं. आत सगळ्यांचे फोन लागत गेले, दोघांचे राहिलेत. त्यातला एकजण बायकोपोरांना घेऊन घाटावर फिरायला गेलाय म्हणे. सुगत त्यालाच लावतोय. मी ऐकतेय, अजून उचलला नाही.

तुझीच,
दाराशी कान लावून बसलेली
आजी बयाबाई