नळी कुठे लावायची

३ फेब्रुवारी
राजेंद्र नगरच्या पुलावर गाडी परत बंद! मागून हॉर्न, आणि शेजारी हे — गप्प. फिजियोथेरपीची वेळ गेलीच.

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या ह्यांनी. नोव्हेंबरात अर्धांगाचा झटका आला, तेव्हापासून वाचा नाही, उजवा हात नाही. काही विचारलं तर नुसतं बघतात. डॉक्टर म्हणाले, "समज किती उरलीय, सांगता येत नाही."

५ फेब्रुवारी
अर्पित मेकॅनिकला बोलावलं. गेल्या महिन्यात कार्बोरेटर त्यानेच साफ केला होता. तेव्हापासून उभ्या गाडीत इंजिन भणाणतं, चढावर दम नाही, वर तापतं. म्हणे, "आंटीजी, पुरानी मारुती है, बेच दो."

हे चाकांच्या खुर्चीतून बॉनेटकडे डावा हात करत होते, घशातून आवाज काढत. अर्पित हसला — "काकाजी को अब क्या याद होगा!" मी ह्यांना आत नेलं. जवळजवळ ओढतच.

६ फेब्रुवारी
जेवले नाहीत.

८ फेब्रुवारी
सकाळी माझं मनगट धरलं, सोडेचनात. शेवटी खुर्ची गाडीपाशी नेली, बॉनेट उघडलं.

डिस्ट्रिब्युटर म्हणजे ठिणगीची वेळ सांभाळणारा भाग; त्याच्या डबीतून एक बारीक रबरी नळी कार्बोरेटरला जाते. तिथे दोन तोंडं — एक खाली, एक वर. अर्पितने नळी खालच्या तोंडात लावली होती. ह्यांनी वरच्यावर बोट ठेवलं.

"इथे लावू?"

मान हलली! झटक्यानंतर पहिल्यांदा.

वरच्या तोंडाचं टोपण काढून खालच्यावर बसवलं, नळी वर लावली, इंजिन चालू केलं. मग माझ्याकडून डिस्ट्रिब्युटरचा नट ढिला करवून घेतला आणि तो डाव्या हाताने केसभर फिरवला — कान इंजिनाकडे लावून. भणाणणं थांबलं. नट आवळून ह्यांना घेऊन निघाले. पुलावर गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली! मी हसले. हेही हसले.

दुपारी भांडी घासताना हात थांबला. नळी कोणती, तोंड कोणतं, फिरवायचं किती — सगळं शाबूत आहे ह्यांच्या डोक्यात. मग बाकीचं?

९ फेब्रुवारी
विचारलंच.

"डिसेंबरात नीरज आला होता. तुमच्या पलंगाशी उभी राहून मी आपल्या पोराला म्हणाले, देवाने ह्यांना तेव्हाच नेलं असतं तर आपण सगळे सुटलो असतो. ते ऐकलंत तुम्ही?"



मान हलवली. हो.