रविवारपर्यंत टॅब चालू करायचा नाही

बाबा, आज सकाळी पुन्हा जमीन गुरगुरली. तुमच्या वेळी असं कधी नव्हतं. दिवाळीच्या सुमारास सुरू झालं ते थांबतच नाही. आधी खालून रिकामी बैलगाडी दगडांवरून गेल्यासारखा आवाज येतो, मग मांडणीवरची भांडी वाजतात, मग भिंत. स्वयंपाकघराच्या भिंतीला तडा गेलाय, त्यात आता माझं बोट जातं. इकडे तलासरीत काय, तिकडे डहाणूत काय, लोकांनी अंगणात ताडपत्र्या बांधल्यात. देवापुढचा दिवा मी पाण्याच्या ताटात ठेवते, न जाणो कलंडला तर. पण मला सगळ्यात जास्त धास्ती भिंतीची नाही. ती वस्तू देव्हाऱ्याखाली माझ्या जुन्या साडीत गुंडाळून ठेवली आहे.

टॅब म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? पाटीएवढी काच, तिच्यात फोटो, गाणी, बोलणारी माणसं. तुमच्या नातीने नोकरी लागल्यावर घेऊन दिला, स्वस्तातला, म्हणून त्यात जागा थोडी. मी दहावी झालेली, घरचा जमाखर्च लिहिणारी बाई. मी तो कोठीच्या खोलीसारखा सांभाळला. ऐकून झालेली भजनं काढायची, सणावाराला येणारे फुला-दिव्यांचे फोटो आल्या पावली घालवायचे. नेट तर कायम बंद, लागेल तेवढंच चालू. तुमचे जावई हसायचे, "नेट म्हणजे काय दूध आहे, उघडं राहिलं तर मांजर पिईल?" तरी जागा भरायचीच. मग नात म्हणाली, "आई, माझ्या लग्नाचं सगळं क्लाउडवर ठेवते. तुझ्या टॅबमध्ये राहील, माझ्या फोनमध्ये राहील आणि वरही राहील." तीन ठिकाणी! मला तुमचं बियाणं आठवलं.

मी लहान आहे. पेरणीला अजून अवकाश आहे आणि तुम्ही भाताच्या बियाण्याची अर्धी पोती कैनाडला आत्याकडे नेऊन ठेवताय. मी म्हणते, "आपल्या कणगीत जागा आहे की, कशाला एवढी पायपीट?" तुम्ही पोतं खाली ठेवता आणि सगळ्यांसमोर मला झापता, "बियाणं एका छपराखाली ठेवायचं नसतं. खायचं भात गेलं तर मागून आणू. हे कुठून आणशील?" मी रडत आईच्या मागे लपते. त्याच वर्षी चुलीची ठिणगी छपराला लागली, कणगी जळाली. आपण कैनाडहून डोक्यावर बियाणं आणलं, तेव्हा तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. फक्त माझ्या डोक्यावरची चुंबळ नीट केलीत.

टॅबमध्ये जपायचं असं खरं तर एकच आहे. नातीच्या हळदीला बायका नाव घेत होत्या. नात आईला म्हणाली, "आजी, तू पण घे ना." तुम्हाला जाऊन किती वर्षं झालेली, आणि असं कुणी विचारतं का! मी नातीला डोळ्यांनी दटावलं. तर आई पदर सावरून म्हणाली, "का गं, माझा नवरा नव्हता का?" आणि तिने उखाणा घेतला. त्यात तुमचं नाव, स्पष्ट. तुम्ही असताना मी तिच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "म्हातारी लाजली बघा!" आणि ती तोंडावर हात घेऊन हसली. हे सगळं टॅबमधल्या त्या व्हिडिओत आहे. पुढच्याच वर्षी तिला अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली. ती माझ्याकडेच असते, सगळं समजतं तिला, पण तोंडातून नुसता हुंकार येतो.

गेल्या आठवड्यात मी वापीला नातीकडे गेले होते. ती बाळाला न्हाऊ घालत होती, फोन सारखा म्हणत होता, जागा नाही, जागा नाही. ती आतूनच ओरडली, "आई, नको ते काढून टाक गं." मी लग्नाचं सगळं काढलं. टॅबमध्ये आहे, वर आहे, मग फोन कशाला भरायचा? पुढे फोनने कचऱ्याची टोपली दाखवली. घरात कचरा साठवायची सवय नाही मला. तीही रिकामी केली.

नात बाहेर आली, फोन बघितला आणि ओल्या हाताने खालीच बसली. "आई, ती वेगवेगळी घरं नाहीत गं. एकीकडे काढलं की सगळीकडून जातं. वरचंही गेलं." मी म्हटलं, "टॅबमध्ये तर आहे." ती म्हणाली, "त्याला अजून माहीत नाही म्हणून आहे. नेट लागलं की त्याला कळेल, आणि तोही काढेल."

मला ती कणगी दिसली, बाबा. तोंडं तीन, भात एकच.

नातीने तिथूनच वडिलांना फोन लावला. "बाबा, टॅब कुठाय?" "माझ्याच हातात. महालक्ष्मीची आरती लावत होतो, पण माझ्या फोनचं नेट संपलं, टॅबला मिळत नाही." "बंद करा! आत्ताच्या आत्ता!" "अगं, पण झालं काय? इथे तर काही हललं नाही." ते बंद करेपर्यंत मी नातीच्या फोनला कान लावून उभी होते. नात रविवारी येणार आहे, ते दुसरीकडे उतरवून घेणार आहे. तोवर कुणी हात लावायचा नाही. देवीला ओटी बोलले आहे. एवढं झाल्यावर टॅब बंद आहे आणि त्याच्यावर हे हलणारं घर आहे.

आज शुक्रवार. सकाळचा धक्का मोठा होता. कौलं घसरली, हे अंगणातून ओरडले, "बाहेर या, बाहेर!" आई आतल्या खाटेवर होती. मी देव्हाऱ्याकडे धावले, ते गाठोडं पोटाशी धरलं आणि अंगणात आले. ताडपत्रीखाली ठेवलं. मग परत आत गेले, आईला आणायला. हे माझ्या मागे होते. आम्ही दोघांनी तिला उचलून आणलं. तिला काही लागलं नाही, केसांत थोडी माती पडली होती, तेवढीच.

हे नातीला फोनवर सांगत होते, "तुझी आई बघ, टॅबसुद्धा वाचवला तिने." मी आईच्या केसांतली माती काढत बसले. खाटेवरून देव्हारा दिसतो, बाबा. तिने मला आधी काय उचललं ते पाहिलं आहे. ती सकाळपासून माझ्याकडे बघतेय, आणि मी तिच्या हुंकाराचा अर्थ विचारलेला नाही.