अडीचने गेलेली जागा

मी, यशोदा सावळीराम पगारे, वय ५९, पाटबंधारे खात्यातील निवृत्त आरेखक, राहणार उपनगर, नाशिक, हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने मला कोणताही भागाकार घालून पाहावा. कोणाचा दबाव नाही. दबावाला बधले असते तर माझे लग्न झाले असते.

१. वडिलांचा प्लॉट १२० फूट लांब. निम्मा माझा, निम्मा धाकटा भाऊ निवृत्तीचा. १९७६ साली वाटणीपत्रात मापे मीटरमध्ये हवी होती. "अक्का, तू कशाला त्रास घेतेस, मी करतो," असे तो म्हणाला. त्याने इंचाला अडीच सेंटिमीटर धरून माझे ६० फूट म्हणजे १८ मीटर लिहिले आणि उरलेली सगळी जागा स्वतःकडे ठेवली. इंचाला २.५४ धरायचे, हे त्याला मीच शिकवले होते. सहीच्या वेळी त्याची पत्नी लताबाई हळूच म्हणाली, "अक्का, एकदा टेप धरा ना." मी चारचौघांत तिला सुनावले, "माझ्या भावावर टेप धरू?"

माझी अकरा इंचांहून जास्त जागा गेली. त्याने बांधलेल्या भिंतीमुळे माझे मागचे दार अर्धेच उघडते. विचारले तर म्हणाला, "अकरा इंचांत काय विमान उतरवणार आहेस?" नकळत झालेली चूक समजून मी आठ वर्षे गप्प बसले.

२. गेल्या महिन्यात सहादू सुतार माझे कपाट दुरुस्त करायला आला. निवृत्तीच्या खिडक्या वाटणीच्याच साली त्यानेच केल्या होत्या. तो सहज बोलून गेला, "भाऊ लय बारीक हायेत, बाई. मी अडीच धरलं, तर म्हणले, दोन पॉइंट चोपन्न धर, नायतर काच बसायची नाय."

काचेला २.५४ आणि बहिणीला अडीच.

कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माफ करायला शिकवत. त्या विषयात मी कच्ची राहिले.

३. माझी कंपासपेटी व टी-स्क्वेअर शेजारच्या चांगुणाला. ती पॉलिटेक्निकला जाते. टी-स्क्वेअरने पाली मारू नयेत.

४. माझे घर व जागा लताबाई निवृत्ती पगारे हिला, तिच्या एकटीच्या मालकीने. निवृत्तीचा त्यावर कोणताही हक्क नाही. ओट्यावर त्याने बसायचे ते लताबाईने बस म्हटल्यावर.

५. लताबाई, त्या दिवशी तुला बोलले ते माझे चुकले. तोंडाने सांगणे मला जमले नाही, म्हणून साक्षीदारांसमोर सहीनिशी लिहून देते.

सही: यशोदा सा. पगारे

साक्षीदार:
१. सहादू गोटीराम गांगुर्डे, सुतार
२. साळूबाई झिपरू अहिरे, शेजारीण

नाशिक, १४ ऑगस्ट १९८४