मधयंत्र मोनिकाच्या हवाली

मी, बिभीषण आसाराम दहातोंडे, वय ७१, धंदा शेती व मधमाशीपालन, राहणार घोडेगाव, ता. नेवासा, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय करीत आहे. हात कापतात, पण डोके जागेवर आहे. लाजही जागेवर आहे, म्हणून काही गोष्टी लिहाव्या लागत आहेत.

१. राहते घर पत्नी साळूबाई हिला तिच्या हयातीपर्यंत. तिच्या पश्चात घर व विहिरीजवळची जमीन मुलगा अमृत याची. तो एकुलता एक आहे. त्याचा हक्क मी कापलेला नाही.

२. मध काढायचे हाताने फिरवायचे यंत्र, मेणाची झाकणे कापायची सुरी आणि सर्व मधपेट्या सून मोनिका हिच्या एकटीच्या मालकीच्या राहतील.

कारण लिहिले नाही तर लोक म्हणतील, बापलेकाचे वाजले होते. तसे नाही. गेल्या उन्हाळ्यात कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटवर ठेवलेल्या पेट्यांत मध थोडाच आला आणि गिऱ्हाईक जास्त होते. अमृतने साखरेचा पाक करून त्यात मिसळला आणि माझ्या नावाच्या बाटल्यांत भरून विकला. मला पत्ता नव्हता. एका सकाळी आमचे जुने गिऱ्हाईक चांदभाई यांच्या पत्नी मुबारकबी पदराखाली बाटली झाकून आल्या, कोणी पाहू नये म्हणून.

"आण्णा, चुकून दुसऱ्याची बाटली आली वाटतं. ह्यांनी चाटून बघितला, म्हनले, ह्यो आण्णांचा न्हाई."

मी बोट बुडवून चाखले. नुसता पाक. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरे वाटले असते. त्या उलट माझीच समजूत घालत होत्या.

ज्याने पाक केला त्याला विचारले, तर म्हणाला, "समदेच करत्यात, आण्णा." मोनिका चुलीजवळून उठून आली. "मी नगं म्हनले हुते," एवढेच बोलली आणि रडली.

ज्या घरांचा माग लागला तिथे जाऊन मी बाटल्या परत आणल्या. काहींनी हसून चहा दिला. तो तसाच ठेवून मी उठलो. तेव्हापासून मी गुरांच्या बाजारात पाऊल टाकलेले नाही. ओळखीचा माणूस दिसला की रस्ता बदलतो. पाक मी केला नाही, पण बाटलीवर नाव माझे होते.

३. यंत्र वापरण्याविषयी. मोनिकाला ठाऊक आहे, तरी लिहितो. पोळ्याची घरे मेणाने बंद झाल्याशिवाय पेटीतली पोळ्याची लाकडी चौकट काढू नये. कच्चा मध आंबतो. अळ्या असलेली चौकट यंत्रात कधीच घालू नये. समोरासमोर सारख्या वजनाच्या चौकटी लावाव्यात, नाहीतर यंत्राचे पिंप नाचते. आधी हळू फिरवून एका बाजूचा थोडा मध काढावा, चौकट उलटवावी, मग वेग वाढवावा. घाई केली की पोळे फाटते आणि माश्यांची मेहनत मातीत जाते. काम झाले की कोमट पाण्याने धुऊन उन्हात कोरडे करावे. दातेरी चाकांना थेंबभर खायचे तेल द्यावे, गाडीचे ऑईल नको.

४. चुलतभाऊ भागवत मागायला आल्यास यंत्र देऊ नये. मागे त्याने ते ओलेच परत केले, चाके गंजली, आणि वर म्हणाला, "जुनंच हुतं." त्याला माझी सायकल द्यावी. ती आधीच गंजलेली आहे.

५. अमृतने पेट्या उचलाव्यात, हँडल फिरवावे. बाटली मात्र मोनिका म्हणेल तेव्हाच भरावी. बाटलीवर पुन्हा माझे नाव घालायचे की नाही, तेही तिनेच ठरवावे.

हे लिहून घ्यायला मी नगरला वकिलांकडे गेलो होतो. त्यांच्यासमोर जीभ रेटेना. पिकापाण्याचे बोलून परत आलो. शेवटी घरीच सांगितले आणि अमृतने लिहून घेतले. दुसऱ्या कलमाशी त्याचा हात थांबला. मी म्हणालो, "लई लागत असंल तर कारण खोडून टाक. नुसतं यंत्र तिला लिही."

तो कागदावरून मान वर करीना. "राहू द्या, आण्णा. पाक केला तिथं तुमी 'घरातल्या कोनीतरी' म्हनलात. मी माझं नाव घातलंय."

मजकूर मला वाचून दाखवला. तो त्याने लिहिला तसाच ठेवला आहे, आणि दोन्ही साक्षीदारांसमोर मी खाली सही केली आहे.

सही: बिभीषण आसाराम दहातोंडे
लिहिणार: अमृत बिभीषण दहातोंडे
साक्षीदार: १. चांदभाई शेख  २. अजिनाथ कदम
स्थळ: घोडेगाव, जि. अहिल्यानगर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५