शिंपले काढ, फळी खाऊ नको

प्रिय बाबा,

तुझ्या वर्षश्राद्धाला दादाने बोलावलंय. फोनवर एवढंच म्हणाला, "येतोस ना?" तिकीट काढलंय, पण वहिनीसमोर कुठल्या तोंडाने उभा राहू? म्हणून लिहायला बसलो.

तेराव्याला मी काय केलं ते बघायला तू नव्हतास. अख्खी वाडी जेवत होती आणि मी पानावरून उठून ओरडलो, "हिनेच तळलेले मासे घालून घालून मारलं बाबांना." दादाने मान खाली घातली. वहिनी वाढत होती. भाताचा टोप हातात तसाच धरून म्हणाली, "भावोजी, बसा. पान टाकून उठू नका."

परवा इथे मस्कतला गोदीतल्या दवाखान्यात माझी तपासणी झाली. तुझ्या अँजिओग्राफीच्या कागदाचा फोटो फोनमध्ये होता, तो डॉक्टरांना दाखवला. आठवतं ना, हृदयाची शीर अर्धीसुद्धा बंद नाही म्हणून आपण खुशीत घरी आलो होतो?

डॉक्टरांनी हिंदीत समजावलं. नुसतं शीर किती भरली यावर नसतं. चरबीच्या गाठीवर पापुद्रा असतो. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ती चरबी साफ करायला आत शिरतात, तिथेच मरतात, आणि त्यांच्या रसाने पापुद्र्याचे धागे विरघळतात. पातळ होत होत एक दिवस तो फाटतो, तिथे रक्त गोठतं आणि तुला आला तसा झटका येतो.

मला आपली होडी दिसली. तिच्या बुडाचे शिंपले खरवडायला तू मला पहिल्यांदा बसवलंस, तेव्हा मी जोर लावून लाकूडच सोललं होतं. "अरे, शिंपले काढ, फळी खाऊ नको." पुढे त्याच फळीतून पाणी आत आलं. तुझ्या अंगातले राखणदार माझ्यासारखेच निघाले की रे.

मग डॉक्टरांनी विचारलं, "सिगारेट ओढायचे?" म्हणाले, तळणाचंही असतं थोडं, पण धुराने त्या पेशी जास्त चवताळतात.

दर सुट्टीत पाकिटं कोण आणायचं? मिरकरवाड्याच्या जेटीवर तू मिरवायचास, "पोराने बाहेरून आणलीत." वहिनी ती तुझ्यापासून तांदळाच्या डब्यात लपवायची आणि मी तिलाच हसायचो, "वहिनी, भातात शिजवणार काय?"

बाबा, एकदा तरी मला नको म्हणायचंस. की पोरगा तेवढंच आणतो, म्हणून ओढत राहिलास?

या वेळी बॅगेत पाकिटं नाहीत. श्राद्धाला वाडी जमली की जेवणाआधी, त्याच लोकांसमोर, सगळं सांगेन. मग वहिनीला पानावर बसवून भात मी वाढेन. ती नाही बसली, तर बसेपर्यंत टोप हातात धरून उभा राहीन.

तुझा धाकटा,
संदीप